चार मिलिमीटर

"पडेल आपोआप," टोलीडोतली नर्स फोनवर म्हणाली.
इन्शुरन्स संपून नऊ दिवस झालेत
हे मी बोललो नाही.

पहाटे तीन. बाथरूमच्या गार फरशीवर
गुडघे पोटाशी.
बाहेर बर्फ खरवडणारा ट्रक.
मृदुला दारातून पाण्याचा चौथा तांब्या सरकवते
आणि चहाची गाळणी.
"ही परत चहाला नको हं."
ती हसते. मला मळमळतं.

सव्वापाचला
टिंग.

एवढासा. तपकिरी, काटेरी,
मसुरीएवढाही नाही.

कंपनीनं मला खड्यासारखं वेचून टाकलं
तेव्हा असाच आवाज झाला असेल का
कुठे?

मृदुला गाळणी दिव्याखाली धरते.
"तुझे ते ज्योतिषी म्हणालेच होते,
खडा लाभेल."

काडेपेटीत ठेवलाय.
आजचा चहा
चोथ्यासकट.