राजापुरी

ती कुठल्या ग्रहावरून आली ते आम्ही ठरवलंच नव्हतं.
तरन्नुम म्हणाली, आधी पडू दे, मग बघू.
म्हणून ती पडली. हरिपुरात,
हळदीच्या पेवात,
भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानावर.

पेव म्हणजे जमिनीच्या पोटातला रांजण.
तोंड एवढंसं, आत मावेल अख्खी खोली.
उघडल्या उघडल्या कोणी उतरत नाही,
आधी दोरीला कंदील बांधून सोडतात.
विझला, तर थांबायचं.
आमच्या चित्रात कंदील विझला
आणि खालून कोणीतरी विचारलं, लावू का परत?

नाव उल्का ठेवणार होतो,
पण उल्का आठवी ब मध्ये होती आणि चहाड्या सांगायची.
मग पोत्यावर छापलेलं होतं तेच घेतलं: राजापुरी.
वय तेरा, म्हणजे आमचंच.
अंग पिवळंधमक. डोक्यावर केस नाहीत
(तरन्नुमला केस जमत नव्हते).

शक्ती: श्वास लागत नाही.
अंधारात दिसतं.
रुमालाखाली कोण कुणाची किती बोटं दाबतंय तेही दिसतं,
त्यामुळे मार्केट यार्डात तिला सगळे टरकून.
कमजोरी: चुना.
चुना लागला की ती लाल व्हायची, कुंकवासारखी,
आणि आम्हा दोघींना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही
की लाल म्हणजे दुबळी
की लाल म्हणजे आता पळा.
तिसऱ्या अंकात एका अडत्याने तिला चुना लावला.
चौथ्या अंकात तो अडत्या नाही.

चित्रं तिची, शब्द माझे.
तिचे अब्बा मिरजेला तंबोऱ्यांना पॉलिश करायचे,
उरलेली लाख बाटलीतून घरी यायची,
राजापुरीचा चेहरा म्हणून उन्हात लकाकायचा
आणि वहीला स्पिरिटचा वास.
तरन्नुम आधी फुगे काढून ठेवायची, तोंडाजवळ, रिकामे.
म्हणायची, चार शब्द. जास्त नको.
मी बारा लिहायचे.
ती आठ खोडायची.

सहाव्या अंकात तिला कळणार होतं, ती इथं का.
मला हवं होतं ग्रह फुटावा,
आईनं अगदी शेवटी तिला यानात निजवावं.
तरन्नुम म्हणाली, हट्.
ग्रह आहे की अजून. मस्त चाललंय त्यांचं.
हिला नुसती ठेवलीय इथं,
हळद ठेवतात तशी.
भाव आला की काढतील.

त्यावरून आम्ही तीन दिवस बोललो नाही.
तिसऱ्या दिवशी ती माझ्या बाकावर एक पान ठेवून गेली.
चौथ्या दिवशी पाणी आलं.

आयर्विन पुलाच्या पट्टीवरचे फूट
गल्लीत तोंडातोंडी वाढत होते.
पेवं एकेक करून बुडबुडली, जेवल्यावर ढेकर द्यावी तशी,
नदीला दोन दिवस हळदीचा वास.
शाळेच्या वर्गात सतरंज्यांवर सगळी माणसं,
आणि कुणी बाई म्हणाली, आता रोगांचं पेव फुटणार.
मी हसले. एकटीच.

वही त्यांच्या घरी होती, खालच्या फडताळात.
ते लोक मिरजेला गेले, तिथून हुबळीला म्हणे.
कुणी म्हणतं बेळगाव.

आता मी विश्रामबागेत चष्म्याच्या दुकानात नंबर काढते.
खालची ओळ वाचा, म्हणते दिवसभर.
गिऱ्हाईक नसलं की ड्रॉवरमधून पान काढते.
एकच चौकट आहे त्यावर, पानभर.
पेवाच्या तळाशी ती, मान वर, तोंड उघडं.
वरती पेवाचं तोंड, गोल, त्यात थोडासा ढग.
पाणी कुठंच नाही, ते अजून आलेलं नाही.
अंग मात्र लाल रंगवलंय,
मला न विचारता.
फुगा रिकामा.

चार शब्द.
लिहिते पेन्सिलनं. खोडते.
एवढ्या वर्षांत कागद तिथं झिजत झिजत
काल फुग्याच्या जागी भोक पडलं.
त्यातून आता समोरची खुर्ची दिसते
आणि तिच्यावर कुणी काका,
खालच्या ओळीपाशी अडलेले.