टिंबाआधीचं शून्य

ती दुकानात आली त्या दिवशी इतका गारठा
की काउंटरची काच बोटांना डसत होती.
व्हर्ना श्टकी. रात्रीची नर्स.
शेवटच्या आजारातल्यांच्या घरी जाते,
आणि पश्चिम कॅन्ससमध्ये घरापासून घर म्हणजे
चाळीस मैल काळोख,
मध्ये गव्हाच्या कोठारांचे लाल दिवे.
मागच्या महिन्यात एक पिकअप
दिवे मालवून तिच्या मागं होता. अकरा मैल.
"मग?"
"मग काही नाही. वळला."

"पर्समध्ये मावेल असं द्या," म्हणाली,
जणू टॉर्चचे सेल मागत होती.

एकतीस वर्षं मी हेच विकतोय, प्रवचन तोंडपाठ:
नऊ मिलिमीटर. गोळ्या स्वस्त, सराव परवडतो,
धक्का सोसवतो, दहा बसतात.
पंचेचाळीस. माझ्या बापाचं दैवत,
पण जाकिटाखाली लपवाल तर
जाकीटच चुगली करतं.
अडतीसचं रिव्हॉल्व्हर. अडत नाही, रुसत नाही,
फक्त चाप ओढायला बोट सुताराचं लागतं.
आणि ही तीनशे ऐंशी. हिला लोक हसतात.
समोर उभं राहून अजून कुणी हसलेलं नाही.

तिनं आधी नऊ उचललं.
वरची पट्टी मागं खेचायची, एवढंच.
अंगठ्याचा सांधा तिचा आल्याच्या गाठीसारखा.
एकदा. दोनदा.
तिसऱ्यांदा मी भिंतीवरच्या
पेंढा भरलेल्या हरणाकडे बघत बसलो.

मग चष्मा लावून ती खोका वाचू लागली.
"तुमच्या टिंबाआधी शून्य नाही."
"काय?"
"आमच्यात असं लिहिलं तर नोकरी जाते.
घाईत टिंब दिसत नाही,
पॉइंट पाचचे पाच होतात.
मॉर्फीनचे."

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो,
की अडतीसची गोळी तशी अडतीसची नसतेच,
तीनशे सत्तावन्न भरते. नावं जुनी, चिकटलेली.
तिनं मान हलवली.
"सुईचं उलटं असतं. आकडा वाढला की सुई बारीक.
विचिटाला सहा वर्षं इमर्जन्सीत होते मी.
आत आलेल्याला कुठला आकडा लागलाय
ते भोक बघून कधीच सांगता आलं नाही.
गॉज किती गेलं, ते मात्र मोजायचे."

तीनशे ऐंशी घेतली. पट्टी सरकली, म्हणून.
रोख पैसे. पावतीची घडी चार वेळा.
दारापर्यंत गेली तेव्हा मी नेहमीचं वाक्य फेकलं:
जवळ असते तीच खरी.
ती म्हणाली, "हो, औषधाचंही तसंच."

एप्रिलमध्ये माझा भाऊ एल्डन. यकृत.
रात्री दोनला बेल वाजली, दारात व्हर्ना.
ओळख दाखवली नाही, मीही नाही.
एल्डनची चार वर्षांची नात जागीच होती,
एका पायात मोजा, हातात बिस्कीट,
पाहुण्याची प्रत्येक वस्तू तपासायच्या तयारीत.
व्हर्नानं औषधांची पिशवी टेबलावर ठेवली
आणि पर्स, न बघता,
सरळ फ्रिजच्या माथ्यावर, मागं, भिंतीला टेकवून.
घरात ते का, हे एकट्या मला ठाऊक.
विकलं मीच होतं.
उंचीचा विचार मी कुणाला विकला नव्हता.

दिव्यापाशी सिरिंज धरली.
अंगठा थरथरला, थांबला.
मग कागदावर लिहिलं:
आधी शून्य, मोठं, गोल, काळजीनं मिटवलेलं.
मग टिंब. मग पाच.
एल्डनच्या कपाळावरची आठी
हळूहळू सैल झाली,
घट्ट गाठ पाण्यात पडावी तशी.

सोमवारी दुकान उघडलं.
फळीवरच्या किमतीच्या चिठ्ठ्या मळल्या होत्या,
नव्या लिहिल्या.
दुपारी एक पोरगं आलं, नुकतं एकवीस झालेलं,
सगळ्यात मोठी कुठली, विचारत.
मी प्रवचन सुरू केलं, पंचेचाळीसपाशी अडलो.
ते मात्र चिठ्ठीवर वाकून वाचत होतं:
"शून्य पॉइंट तीनशे ऐंशी.
हा काय, नवा नंबर आलाय?"