मूळ ठिकाण

शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात
गाळ उपसणाऱ्या जहाजावरचा योरीस
पासकोलाच्या टोपलीपुढे उकिडवा बसला,
संत्रं उचलून म्हणाला, सिनासापल.

पासकोलानं मला हाक मारली. तिला वाटतं,
बंदरात वजनं लिहून निवृत्त झालेल्याला
सगळ्या परक्या भाषा येतात.
"कितें म्हणटा तो?"

समास त्यानंच सोडवला, साल सोलावी तसा.
सिना म्हणजे चीन. आपल म्हणजे सफरचंद.
मधला 'स' षष्ठीचा.
पूर्वी उलटं होतं म्हणे, आपलसिना;
पुढे कधीतरी मागचं पुढे आलं,
मतदारयादीत आडनाव आधी छापतात तसं.

चीनचं सफरचंद!
मी हसणार होतो,
पण आमच्या सफरचंदाच्या नावातच सफर,
मोसंबी मोझांबिकची, पेरू पेरूचा,
आणि संत्रं सिंत्रा नावाच्या गावचं,
असं काहीजण म्हणतात, काहीजण नाही म्हणतात.
एक नारिंग तेवढं इथलं होतं.
अरबांच्या गलबतांतून पश्चिमेला गेलं,
परत आलं ते लारांज होऊन.
'न' तिकडेच ठेवून घेतला, बदल्यात 'ल' दिला,
सुटे नसले की दुकानदार गोळी देतो तसा.

पस्तीस वर्षं मी पावत्यांवर
'मूळ ठिकाण' हा रकाना भरला.
कधी विचारलं नाही,
त्याच्याआधी कुठलं?

योरीसला सांगितलं: तुझ्या लोकांची जहाजं
हिवाळा हिवाळा मांडवीच्या तोंडाशी
वाट अडवून बसायची.
तो म्हणाला, माहीत आहे.
आता मी वाट मोकळी करतो, दिवसाच्या पगारावर.

पासकोलाला या सगळ्यातून
एकच शब्द ऐकू आला होता, आपल.
"आपलें म्हणटा?"
तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं,
दर कमी केला नाही,
पण एक संत्रं वर घातलं.

तो तिथेच सोलून खाऊ लागला.
बिया तळहातात गोळा करत होता,
कुठे टाकाव्यात ते कळेना त्याला.

तिच्या पाठीमागच्या खोक्यावर
निळ्या शाईत छापलेलं होतं: नागपूर.
मी सवयीनं वाचलं.
बोललो नाही कुणाला.