भोंगऱ्याला आठ दिवस

फुले मार्केटातला लालवाणी काच पुसत म्हणाला,
'आत्ता घेऊ नका शेठ, दिवाळीत नवा येतोय.'
दुकानदारच घेऊ नका म्हणतो
म्हणजे खरंच काहीतरी येत असणार.

चोपड्याच्या बसमध्ये, तापीच्या पुलावर
हिशेब मांडला तिकिटाच्या पाठीवर:
आज एक लाख अडुसष्ट, दिवाळीत हाच दीड,
नवा दोनच्या वर, त्याला लेन्सा वेगळ्या,
आणि मध्ये अख्खी लगीनसराई,
आखाजीपासून नऊ तारखा, सहांचा बयाणा घेतलेला.
पूल संपला.

गेल्या दिवाळीतही हेच ऐकलं होतं.
तेव्हाचा नवा आता जुना झाला,
ज्याची वाट पाहायची तो बदलला,
वाट तीच.
तिकडे अमळनेरच्या निंबाने बिनआरशाचा घेतला,
आवाजच नाही त्याला.
म्हाताऱ्या मांडवात विचारतात,
'भाऊ, फोटो निंघना का?'
आणि निंबाला प्रत्येकीला स्क्रीन दाखवावी लागते.

माझा खटकतो. दोन गल्ल्या ऐकू जातं.
ग्रिपचं रबर फेविक्विकवर,
मे महिन्यात सेहेचाळीस डिग्रीत बॉडी अशी तापते
की गालाला चटका बसतो.
डायलच्या खाचेत हळद आहे,
कुठल्या नवरीची ते सांगता येणार नाही.

रविवारी शेवंती पावरा आली,
वैजापूरकडच्या काळीपिवळीने, केसांत धूळ.
कोणीतरी सांगितलं होतं तिला, मी विकतोय.
मी विकतोय की नाही
हे मलाच नक्की नव्हतं.
पाकिटात बावीस हजार,
काही शिष्यवृत्तीचे, काही भावाने सुरतेहून पाठवलेले.
म्हणाली, 'आठ दिवसांवर भोंगऱ्या आहे.
दरवर्षी बाहेरचे येतात. आम्ही नाचतो, ते काढतात,
मग ते फोटो कुठे जातात आम्हाला माहीत नाही.'
मी चहाचं सांगायला उठलो.
दोनदा गेलो होतो मी भोंगऱ्याला.
एक फोटो तर मागच्या भिंतीवरच आहे, फ्रेममध्ये,
चांदीचा कंबरपट्टा, पाठमोरी बाई.
तिने तो आल्याआल्याच पाहिला असणार.

म्हटलं, 'दिवाळीनंतर ये, पाच हजार कमी करीन.'
माझ्याच तोंडून लालवाणी बोलला.
ती म्हणाली, 'भोंगऱ्या दिवाळीत येत नाही.'

मग तिने कॅमेरा उचलला.
न विचारता पट्टा मनगटाला गुंडाळला,
आश्रमशाळेतल्या बाईंकडे शिकलेय म्हणाली,
लेन्स उजेडाकडे धरून आत बुरशी पाहिली,
मग मेनूत कुठेतरी खोल शिरली
जिथे मी तीन वर्षांत गेलो नव्हतो.
'दोन लाख चौदा हजार तीनशे सात.'
मी काही बोलायच्या आत
खटक.
'आठ.'

फोटोत मी.
मागे पडदा, त्यावरचा खोटा धबधबा, अर्धा कापलेला.
आणि माझा डावा डोळा मिटलेला,
हातात कॅमेरा नसतानाही.
बावीस वर्षं कोणी सांगितलं नव्हतं
की मी माणसांकडे असा बघतो.

काडी घेतली, म्हटलं खाचेतली हळद तरी काढून देतो.
'राहू द्या,' ती म्हणाली,
आणि चार्जर मागितला, दोन्ही बॅटऱ्या,
आणि भिंतीवरच्या त्या बाईचं नाव.
चार्जर होता.
बॅटऱ्या होत्या.

काळीपिवळी गेल्यावर लालवाणीला फोन लावला.
'तोच बाजूला ठेवा, परवा येतो.'
'शेठ, पण दिवाळीत...'
'येऊ द्या त्याला,' म्हटलं.
स्टुलावर चढून फ्रेम उतरवली.
मागे भिंतीचा चौकोन निघाला,
जुन्या रंगाचा, स्वच्छ.