नावं ठेवणं

रविवारी साडेनवाला
ओडील खुर्ची खिडकीशी ओढतो,
ओमेर चष्मा पुसतो माझ्या टेबलक्लॉथला
– ओरडायचं मी सोडून दिलंय –
आणि आमचं कोर्ट भरतं.

बाहेर दगडी चढ. ओला.
खालच्या वळणावर गिअरचा खटका होतो,
तेवढ्यावरून ओमेर सांगतो
साखळीला शेवटचं तेल कधी लागलं.

मोजे घोट्याखाली : गेला.
मोजे पोटरीच्या वर : हाही गेला, पण पैसेवाला.
पायांवर केस : जर्मन, नाहीतर तत्त्वज्ञ.
जगज्जेत्याचे इंद्रधनुषी पट्टे
दुकानातून विकत घेऊन घालणारा दिसला की
ओडील टोपी काढतो,
मयत जाताना काढावी तशी.

नावं ठेवण्यात आमचा हात कुणी धरणार नाही.
तो जांभळा, नखशिखान्त, तो बिशप.
मागे चार लाल दिवे लावणारी ती नाताळचं झाड.
आणि तो नोटरी :
सायकल नऊ हजार युरोंची, पाय उसने.
कपड्यांत तो असा भरलाय
की आपण मोहरी घेऊन बसावं.

ओडीलचा खुबा स्टीलचा आहे.
ओमेर अकरा वर्षं सायकलवर बसलेला नाही.
मी रोज पाव आणायला जाते, आईच्या वेळच्या काळ्या सायकलवर,
पुढे टोपली, मागे टोपली.
तिला गुण मिळत नाहीत.
ती सायकल नव्हेच, ओमेर म्हणतो.

तर मार्चमधल्या त्या रविवारी
एक पोरगा आला वळणावरून.
हेल्मेट उलटं. फुटबॉलची चड्डी.
कॅरिअरला दोरीनं बांधलेला प्लास्टिकचा क्रेट,
आणि अंगात, वाऱ्यानं फुगलेली,
मोहरीच्या रंगाची लोकरी जर्सी,
छातीवर तपकिरी अक्षरं :
डेक्लेर्क, छपराची कौलं.

ओडील आधी हसला. मग मी.
कौलारू, मी म्हटलं,
आणि हे ठेवलेलं नाव
मला स्वतःलाच फार आवडलं.

तो खिडकीपुढून गेला
तेव्हा पाठ दिसली.
तीन खिसे. डावा
हिरव्या दोऱ्यानं शिवलेला.

मोहरी रंगाचा दोरा तेव्हा दुकानात नव्हता.
घाई होती. दुसऱ्या दिवशी शर्यत होती.
रेमी म्हणाला, पाठीमागचं कोण बघतंय.
त्या खिशात तो घराची किल्ली न्यायचा,
आणि उकडलेलं अंडं, मीठ कागदात.

जानेवारीत मी ती धुतली,
सपाट वाळवली, घडी घातली
आणि चर्चच्या पेटीत टाकली,
'लोकरी' लिहिलेल्या.
ह्या दोघांना काही बोलले नव्हते.

दोरा, ओमेर म्हणाला.
एवढंच. आणि चष्मा काढला,
पण पुसला नाही.
एके काळी तिघांकडेही होती ती जर्सी.
कारखाना बंद पडला,
ओडीलच्या बायकोनं त्याचीचं पायपुसणं केलं.

वर, हेझलच्या झुडपापाशी,
पोरगा डगमगला, एक पाय टेकला,
आणि उतरला.

आमच्या कोर्टात उतरणाऱ्याला माफी नाही.
चोराला आहे, दारुड्याला आहे,
उतरून ढकलणाऱ्याला नाही.
ओडीलनं तोंड उघडलं, सवयीनं,
आणि मिटलं.

मला एक गोष्ट माहीत आहे, ती ह्या दोघांना नाही.
बुधवारी संध्याकाळी, कुणी नसताना,
रेमी एकटाच सरावाला यायचा ह्या चढावर.
मी ह्याच काचेमागे ग्लास विसळत असायचे.
तोही तिथेच उतरायचा. त्याच झुडपापाशी.
मागे वळून पाहायचा, कुणी बघत नाही ना,
मग ढकलत न्यायचा,
एक हात सीटवर,
म्हातारी गाय वर न्यावी तसा.

पोरगा मागे वळून पाहत नव्हता.
क्रेट सरकला होता, तो त्यानं नीट बांधला,
नाक बाहीला पुसलं
– त्या बाहीला –
आणि चालू लागला.

किती द्यायचे, ओडीलनं विचारलं. हळू.

खाली गिअरचा खटका झाला.
कॉफी गार होतेय, मी म्हटलं.
पुढचा बघा.