कसला मऊ

उभादांड्याच्या शेडमध्ये दुपारी तीन वाजता
पत्रा तापून कुरकुरतो
आणि मी बरक्या फणसासाठी
जपानी शब्द शोधत बसते.

ओसाकाच्या गिऱ्हाइकाला माहितीपत्रक हवंय.
गोठवलेले गरे, आठळ्यांचं पीठ, शहाळ्याची मलई,
आणि प्रत्येकापुढे एक रकाना : स्पर्श.
मी सगळीकडे लिहिलं, यावाराकाइ. मऊ.
शब्दकोशात तोच पहिला.

पडद्यावर निशिओकाबाई किंचित मान वाकवतात.
त्यांच्या मात्सुयामात एव्हाना दिवे लागलेले.
चूक नाही, म्हणतात,
पण असं कुणी म्हणत नाही.

पुण्याचा आतेभाऊ आठवला.
वेंगुर्ल्यात सुट्टीला यायचा आणि पंगतीत म्हणायचा,
मला भूक लागलेली आहे.
चूक नव्हती.

द्वारकावयनी हाताला तेल चोपडून फणस फोडत होती.
तिला विचारलं, बरको कसो लागता गो?
मऊ, म्हणाली.
मग कोयता थांबवून,
"पण मऊ म्हंजे कसला मऊ?
आंबोळी मऊ, चिखल मऊ,
बांगडो दोन दिसांचो झालो काय तोय मऊच.
तुझ्या गिऱ्हाइकाक ह्यातला काय घालतंस?"

तर आठळी.
उकडून दोन बोटांत दाबली की फुटते, पिठूळ, वाफेसकट.
होकुहोकु, म्हणाल्या बाई,
आणि मला लगेच पटलं, कारण तोंड पोळल्यावर
आपणही तेच म्हणतो, भाषा कुठलीही असो.
मलई पुरुपुरु, चमच्यावर थरथरते म्हणून.
आंबोळी यादीत नव्हती, तरी मी विचारलीच.
फुवाफुवा म्हणजे नुसती हवा, कापूस, पाखराचं पोट.
मोचीमोची म्हणजे दाताला जरा धरून ठेवणारं.
मी अडले.
फणसातून मान वर न काढता वयनी म्हणाली,
"जाळी बरी पडली तर पयलो, नायतर दुसरो."

राहिला बरका.
नुरुनुरु चालेल? बाईंनी दोन्ही हात हलवले :
छे, ती गोगलगाय. तोरोतोरो लिहा,
जिभेवर विरघळणारं.
"इरघळता खंयचो!" वयनी उसळली,
"चावूक जावा तर हाताक गावना नाय,
तो गिळूचो लागता!"
मी मान मागे टाकून, डोळे मिटून
गिळून दाखवलं कॅमेऱ्याला.
आ, म्हणाल्या बाई. त्सुरुन्.
एकदाच. दोनदा नाही म्हणायचं,
कारण गरा एकदाच घसरतो.

संध्याकाळी वयनीच्या घरी गेले, पैशाच्या हिशेबाला.
तिची लेक बाळंतीण. बाळ सतरा दिवसांचं.
वयनी टाळू भरत होती, आणि माझी दोन बोटं धरून
तिने तिथे ठेवली.
खोबरेल, कोमट कातडी,
आणि तिच्याखाली हाड नाही,
काहीतरी उडतंय.
मी हात काढून घेतला. घाबरून, खरं सांगायचं तर.

दुसऱ्या दिवशी बाईंना विचारलं,
ह्याला काय म्हणता? ह्याला रकाना नाही.
त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मला वाटलं, नेट गेलं.
मग म्हणाल्या, बाळाला आम्ही फुन्याफुन्या म्हणतो.
शिळ्या, वाकलेल्या काकडीलाही तेच.
काकडीला म्हणताना नाक मुरडतो.
बाळाला म्हणताना
आवाज आपोआप खाली येतो.

गिऱ्हाइकाने पीठ घेतलं, बारा किलो.
बरका नको म्हणाला, शब्द बरोबर असूनही.
वयनीला वाईट वाटलं नाही.
"त्येचा नशीब," म्हणाली, आणि उरलेला गरा
तिथल्या तिथे गिळला.

बारसं अजून व्हायचंय, पत्रिकेवरून अक्षर काढलंय,
पण त्या घरात पोराला हाक पडते
ती फुन्या.
पापड सादळला तरी वयनी हल्ली तेच म्हणते,
आणि आवाज खाली आणायचा
तिला कुणी शिकवलं नव्हतं.