दहापेक्षा कमी

राजधानीतून फॉर्म येतो सप्टेंबरात,
मका वाळून खडखडू लागतो तेव्हा.
सव्वीस वर्षं तो मीच भरते आहे, व्हर्ना होल्मबर्ग,
बर्डसॉल मिडल स्कूलची कारकून,
दुपारी नर्स,
आणि लॉइडचा गुडघा धरला की
दोन नंबरच्या बसची ड्रायव्हरही.

सहावी ते आठवी मिळून एकसष्ट मुलं.
गाडीनं सकाळी निघालात तर
जेवायच्या सुट्टीपर्यंत जिल्हा संपत नाही,
आणि मुलं एकसष्ट.

चौकटी मात्र ओमाहाला असतात तेवढ्याच:
वंश. घरची भाषा. मोफत जेवण. अपंगत्व. बेघर.
खाली बारीक अक्षरात नियम:
ज्या गटात दहापेक्षा कमी मुलं,
तिथे आकडा छापायचा नाही, चांदणी छापायची.
मूल ओळखू येऊ नये म्हणून.

ओळखू येऊ नये!
इथे लोक धुळीच्या लोटावरून सांगतात
कुणाची पिकअप कुठल्या वळणावर आहे.
बेघर: चांदणी.
ही चांदणी म्हणजे ग्रिम्सचे दोन पोरगे,
मामाच्या ट्रेलरमध्ये जमिनीवर झोपतात.
त्यांचे मोजे मी जिमच्या मशीनमध्ये धुते,
जर्सींसोबत, म्हणजे कुणी विचारत नाही.
आमचं अख्खं पान चांदण्यांचं.
झाकली मूठ, पण सव्वा लाख कुणी देत नाही.

मागच्या हिवाळ्यात लिंकनहून पत्र आलं:
सातवी, गणित, साडेदहा टक्के घसरण.
कारणे द्या. जागा दोन ओळींची.

सातवीत एकोणीस मुलं.
म्हणजे एक मूल सव्वापाच टक्के.
साडेदहा टक्क्यांना नावं आहेत, साहेब.
पहिले सव्वापाच थॅड कोलबेक:
रात्रभर वासरं ओढून काढत होता बापाबरोबर,
बुटांना पेंढा तसाच, तिसाव्या प्रश्नावर
गाल टेकवून झोपला. मी उठवलं नाही.
दुसरे सव्वापाच डिआना वोसिका, तिची दाढ,
आणि दातांचा डॉक्टर नव्वद मैलांवर.
दोन ओळींत मी लिहिलं:
'उपाययोजना सुरू आहे.'
लवंगेच्या तेलाची बाटली आणली, खरं तर. माझ्या पैशांनी.

काल, मोजणीच्या आदल्या दिवशी,
दार उघडून युलालिया आली,
मागे तिचा मावसभाऊ, नवा.
त्याचे वडील डुकरांच्या शेडवर रात्रपाळीला.
इंग्रजी शिकणारी मुलं आमच्याकडे नऊ.
नऊपर्यंत चांदणी.
हा दहावा.

दहा झाले की आकडा उघडा पडतो:
किती पास, किती नापास, आणि पुन्हा दोन ओळी.
दहा झाले की अर्धवेळ शिक्षिकेसाठी मागणीही करता येते.
मिळेलच असं नाही.
परवाची तारीख घातली असती तर
कुणाला कळलं नसतं.
पेन तसंच हातात धरून बसले थोडा वेळ.
मुलगा माझ्या पंचिंग मशीनकडे बघत होता.
त्याला एक कागद दिला, त्यानं भोकं पाडली.

मग आजचीच तारीख घातली.

नाव: पास्कुआल फ्रान्सिस्को.
घरची भाषा? मी स्पॅनिशवर बोट ठेवलं.
युलालियानं मान हलवली.
फॉर्मच्या पाठीवर तिनं शब्द लिहून दाखवला,
क्यू नंतर वर एक छोटा फटकारा,
'तो विसरू नका, तिथे गळा थांबतो.'
कॉम्प्युटर तो फटकारा घेत नाही.
यादीत शेवटी 'इतर' आहे, ते दाबलं.
छापल्यावर पेनानं दिला मी फटकारा,
जरा मोठाच झाला.

जेवणाचा नंबर दिला: बासष्ट.
तो त्यानं दोनदा म्हणून पाहिला,
एकदा माझ्या भाषेत,
एकदा त्याच्या.